समंगेचे स्नान आणि लऊळचा मुक्काम

कुपवाडसारख्या औद्योगिक वसाहतीच्या गावी, जेथे कामगारांच्या पाळ्या बदलतात परंतु यंत्रांचा आवाज थांबत नाही, तेथे माणसाच्या अंगठ्याचे मोल काय हा प्रश्न केवळ पुराणातला राहत नाही. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला जे परिशिष्ट जोडलेले होते, त्यात एकेका अवयवापुढे एकेक आकडा मांडलेला होता: अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा ३० ने घटली असे धरावे, तर्जनी सबंध गेली तर शेकडा १४ ने, आणि दोन्ही हात गेले तर शेकडा १०० ने. हे कोष्टक रुक्ष आहे, आणि ज्याच्या हाताविषयी ते बोलते त्याला ते निर्दयही वाटत असेल. तथापि त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की अंगठा गमावलेला मनुष्य उद्या सकाळी उठणार आहे, घरी जेवणार आहे, आणि उरलेल्या शक्तीनिशी पुढची कित्येक वर्षे संसार चालविणार आहे.

आता एकलव्याची कथा आठवून पाहावी. आपल्या कीर्तनांत, चित्रांत आणि शाळेच्या पुस्तकांत ही कथा गुरूच्या चरणी ठेवलेल्या रक्ताळलेल्या अंगठ्यापाशी येऊन संपते. परंतु महाभारताच्या आदिपर्वात ती तेथे संपत नाही. अंगठा दिल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, मात्र त्याची पूर्वीची शीघ्रता राहिली नाही, असे तेथे स्पष्ट सांगितलेले आहे. इतकेच ते वाक्य आहे, पण मला ते फार मोलाचे वाटते; कारण व्यंग आल्यानंतरही मनुष्याचे कौशल्य कोणत्या रूपाने टिकते आणि कोणत्या अंगाने उणावते, याची नोंद त्यात एखाद्या दक्ष कारकुनाने करावी तशी झालेली आहे. श्रोत्यांनी हे वाक्य विसरावे आणि रक्तच तेवढे लक्षात ठेवावे, ही गोष्ट कथाकाराच्या दोषामुळे घडलेली नाही. अपंगत्व हा कथेचा शेवट आहे, त्यापुढे सांगण्याजोगे काही उरत नाही, अशी आपलीच समजूत असल्यामुळे ती घडली आहे.

अद्भुतकथा आणि विज्ञानकथा या दोन वाङ्मयप्रकारांत ही समजूत विशेष तपासून पाहावयास हवी. सामाजिक कादंबरी लिहिणाऱ्याला जग जसे आहे तसे स्वीकारावे लागते. त्याच्या नायकाला चालता येत नसेल तर कचेरीच्या पायऱ्या त्याला काढून टाकता येत नाहीत. अद्भुतकथेच्या लेखकाला मात्र सृष्टीची सर्व मुखत्यारी मिळालेली असते. पर्वत उडवावेत, काळ उलटा फिरवावा, दुसऱ्या ताऱ्याभोवती नवी वसाहत वसवावी, हे सारे त्याच्या हुकमतीत आहे. आणि असे असूनही, एखादे विकलांग पात्र समोर आले की बहुतेक लेखक ती सारी सत्ता एकाच कामी खर्च करतात: त्या पात्राचे शरीर चारचौघांसारखे करून टाकतात. जग बदलण्याचा अधिकार हाती असताना एकट्या माणसाला दुरुस्त करून मोकळे व्हावे, हा कल्पनेचा संकोच आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या प्रकरणात मला मुख्यतः तेच मांडावयाचे आहे.

आपल्या परंपरेत या संकोचाचे उत्तम उदाहरण म्हणजे अष्टावक्र. गर्भात असतानाच पित्याच्या पठणातील चूक दाखविल्यामुळे शाप मिळून जो आठ ठिकाणी वाकडा जन्मला, तो हा मुलगा जनकाच्या यज्ञमंडपात जातो, वयाने लहान म्हणून द्वारपाल अडवितो तेव्हा त्यालाही उत्तर देतो, आणि ज्या बंदीने वादात जिंकून पित्याला पाण्यात बुडविले होते त्या बंदीचाच वादात पराभव करून पित्याला परत आणतो. येथवर कथेत त्याच्या वाकड्या अंगाने कशातही अडथळा आणलेला नाही. वाद जिंकावयाला सरळ गुडघे लागत नाहीत. परंतु वनपर्वातील या आख्यानाचा शेवट असा आहे की पिता कहोड त्याला समंगा नदीत उतरावयास सांगतो, आणि स्नान करून वर येताच त्याची आठही अंगे सरळ होतात. हा शेवट कथेला कोणत्या कारणाने लागला? कार्य तर सिद्ध झाले होते. मला वाटते, विजयी वीर वाकडाच घरी जातो हे चित्र श्रोत्यांच्या मनाला सोसणार नाही, अशी कथाकाराला धास्ती वाटली असावी. पुरस्कार म्हणून सरळ शरीर देण्याची ही रीत पुढे इतकी रूढ झाली की तिला आपण रीत म्हणून ओळखीतही नाही.

त्याच महाभारतात अरुणाची कथा आहे, आणि ती मला अष्टावक्राच्या कथेपेक्षा अधिक धीट वाटते. विनतेने उतावीळपणे अंडे फोडले म्हणून अरुणाचा कमरेवरचा देह पूर्ण झाला आणि खालचा अपुरा राहिला. मांड्या नसलेला म्हणून त्याचे नावच अनूरु पडले. त्याने मातेला दासीपणाचा शाप दिला, आणि तो आकाशात जाऊन सूर्याचा सारथी झाला. त्याला पुढे कोणी पाय देत नाही, आणि त्याला पाय हवे होते असेही कोणी म्हणत नाही. सारथ्याचे काम बसून करावयाचे, त्याला हात हवेत, नजर हवी, घोड्यांची पारख हवी. म्हणजे कथाकाराने शरीराला योग्य असे स्थान जगाच्या रचनेत शोधून काढले, आणि तेही एखाद्या कोपऱ्यात नव्हे तर रोज सर्वांच्या आधी उगवणाऱ्या रथाच्या अग्रभागी. शिवाय त्याचा क्रोधही त्याच्यापाशीच राहू दिला. अपंग पात्र सोशिक आणि मधुरभाषीच असले पाहिजे, हा जो पुढील काळातील अलिखित नियम, त्याचा येथे मागमूसही नाही.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील ११६ व्या सूक्तात विश्पलेचा उल्लेख येतो. खेल राजाच्या संग्रामात तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी रातोरात तिला धातूची जंघा बसवून दिली, जेणेकरून ती पुन्हा धावेल. काही पंडितांच्या मते विश्पला ही स्त्री नसून घोडी आहे. ते कसेही असो, कृत्रिम अवयवाची कल्पना इतक्या प्राचीन काळी मांडली गेली, याचे आश्चर्य वाटल्याखेरीज राहत नाही. परंतु आधुनिक विज्ञानकथेने या रातोरात बसणाऱ्या जंघेचा वारसा फार सुलभपणे स्वीकारला आहे. खरा कृत्रिम पाय असा बसत नाही. उरलेला पाय महिन्यामहिन्याने आकाराने बदलतो, सकाळी नीट बसणारा साचा संध्याकाळी घासू लागतो, उन्हाळ्यात घामाने कातडी सोलवटते, पट्टा तुटतो, आणि दुरुस्तीसाठी कामावरची एक पाळी बुडवून शहराला जावे लागते. १९६८ साली जयपूरमध्ये डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो रबरी पाय तयार केला, त्याची थोरवी नेमकी येथेच आहे: अनवाणी चालणारा, मांडी घालून जेवणारा, शेतात उकिडवा बसणारा मनुष्य त्यांनी डोळ्यांपुढे ठेवला होता. विदेशी पाय बुटात घालण्यासाठी घडविलेले असत, आणि येथील पुष्कळांजवळ बूटच नव्हते. ज्या विज्ञानकथालेखकाला भविष्यातील पोलादी बाहू रंगवावयाचा असेल, त्याने तो बाहू कोठे बसून, काय खाऊन, कोणत्या हवेत वापरला जाणार आहे, एवढे जरी ठरविले तरी त्याची कथा एकदम सजीव होईल.

याचा अर्थ बरे होण्याची इच्छाच कथेतून हद्दपार करावी असा नाही. कुपवाडपासून मिरज फार दूर नाही, आणि १८९४ साली डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी तेथे मिशन हॉस्पिटल स्थापन केल्यापासून या मुलखातील माणसांनी अंधांना दिसू लागलेले आणि लंगडत आलेले सरळ चालत गेलेले प्रत्यक्ष पाहिले आहेत. अशा ठिकाणी उपचाराच्या आशेची टवाळी करणे हा कृतघ्नपणा होईल. परंतु त्याच मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय आहे, आणि कुष्ठरोगाचा इतिहास आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवितो. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ज्या बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, त्याने रोगजंतू नाहीसे होतात, रोग्यापासून दुसऱ्याला असलेला धोका संपतो, वैद्यकीय दफ्तरात मनुष्य बरा झाला असा शेरा पडतो; पण झडलेली बोटे परत येत नाहीत, आणि शेजाऱ्यांच्या मनातील अंतर औषधाने मिटत नाही. रोग संपल्यानंतरचे हे जे आयुष्य आहे, त्यात कथेला केवढा वाव आहे! समंगेत स्नान घालणारा लेखक तेथवर पोहोचतच नाही.

धृतराष्ट्राचा विचार करताना आणखी एक बाजू दिसते. जन्मांध म्हणून थोरला असूनही त्याला प्रथम राज्य मिळाले नाही, आणि पुढील सर्व अनर्थाचे बीज त्या निर्णयात आहे. ही केवळ कथेतील कल्पना नव्हती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर, मुके, वेडे यांना वारशाचा हिस्सा नाकारून केवळ पोटगी द्यावी असा नियम आहे, आणि तो नियम ब्रिटिश अमदानीतही न्यायालयांत चालत असे. १९२८ साली खास कायदा होऊन तो बहुतांशी रद्द झाला, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने रोग अथवा व्यंग या कारणाने कोणालाही वारशातून वगळता येणार नाही असे निर्विवाद ठरले. म्हणजे अद्भुतकथेतील राजघराणी, त्यांचे वारसाहक्क आणि त्यांच्या गादीवर कोणी बसावे याचे दंडक हे आकाशातून पडत नाहीत. लेखकाच्या काळचे दिवाणी कायदे त्यांत नकळत उतरलेले असतात. आज जो नवी काल्पनिक राज्ये उभारीत आहे, त्याने आंधळ्या ज्येष्ठ पुत्राला पुन्हा बाजूस सारले, तर तो आपल्या तालुका कचेरीच्याही मागे आहे असे म्हणावे लागेल.

आता लऊळचा दाखला. सोलापूर जिल्ह्यात, माढे तालुक्यात, कुर्डुवाडीजवळ हे गाव आहे, आणि तेथे संत कूर्मदासांचे स्थान आहे. कूर्मदास पैठणचे, त्यांना हातपाय नव्हते अशी कथा आहे. पंढरीच्या वारीचा ध्यास लागून ते लोळत, सरपटत निघाले, आणि लऊळपर्यंत आल्यावर एकादशी अगदी तोंडावर आली असताना त्यांना कळून चुकले की आता पुढे जाणे होणार नाही. तेव्हा त्यांनी पंढरपूरला निरोप धाडला, आणि विठ्ठल ज्ञानदेव-नामदेवांसह निघून, वाटेत अरणच्या सावता माळ्याला भेटून, लऊळला त्यांच्या भेटीस आला. या कथेचा मर्मभाग पाहावा. देवाने कूर्मदासांना पाय दिले नाहीत. ज्याच्या इच्छेने पाय फुटणे अशक्य नव्हते, त्याने तो चमत्कार केलाच नाही, तर उरलेले अंतर आपण चालून आला. वारी ही भक्ताने देवाकडे जाण्याची असते हा जो सर्वांत मोठा संकेत, तोच एका माणसासाठी उलटा फिरविला गेला. शरीर जसेच्या तसे राहिले आणि रस्ता बदलला.

मी या कथेला अद्भुतकथेचा मराठी मातीतील सर्वोत्तम नमुना मानतो, आणि तरीही तिच्यातील एक उणीव सांगितल्याखेरीज पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देव आला तो असामान्य भक्तीच्या बळावर आला. ज्याची भक्ती सामान्य आहे, जो कधी चिडतो, कधी कंटाळतो, ज्याला केवळ चारचौघांबरोबर जत्रेला जावेसे वाटते, अशा पांगळ्याकडे कोण चालून येणार, याचे उत्तर तेथे नाही. शरीराने उणा असलेल्याने गुणाने अधिक असावे, तरच त्याला कथेत प्रवेश मिळावा, ही अट विदेशी विज्ञानकथेतही सर्वत्र आढळते. आंधळ्याला भविष्य दिसते, बहिऱ्याला मने ऐकू येतात, आणि शेवटी त्याचे अपंगत्व नुसते नावापुरते शिल्लक राहते.

जग बदलून दाखविण्याचे काम विदेशी वाङ्मयात एच. जी. वेल्स यांनी १९०४ साली ‘द कंट्री ऑफ द ब्लाइंड’ या कथेत फार सूक्ष्मपणे केले. अँडीज पर्वतातील एका तुटलेल्या दरीत चौदा पिढ्या सर्वच लोक अंध आहेत. त्यांच्या वाटांच्या कडांना ओळखण्यासाठी विशिष्ट खाचा आहेत, घरांना खिडक्या नाहीत, आणि उजेडाशी कर्तव्य नसल्यामुळे ते दिवसाच्या उष्म्यात झोपतात व रात्रीच्या गारव्यात काम करतात. तेथे जाऊन पडलेला डोळस न्यूनेझ आपण राजा होऊ अशा भ्रमात असतो. परंतु त्या जगात अडखळतो तो, बावळट ठरतो तो, आणि त्याच्या बडबडीचे कारण म्हणून त्याचे डोळेच काढून टाकावेत असा निर्णय तेथील वैद्य देतात. अपंगत्वाचा निम्मा भाग देहात असतो आणि निम्मा वाटांच्या कडांत, हे वेल्सने एकाही प्रवचनाशिवाय पटवून दिले. याच्या उलट, रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९४२ सालच्या ‘वाल्डो’ या कथेतील स्नायुदौर्बल्याने ग्रासलेला शास्त्रज्ञ वजनरहित अंतराळात घर करून राहतो आणि दूरनियंत्रित यांत्रिक हातांनी कामे करतो. ही कल्पना इतकी नेमकी ठरली की पुढे किरणोत्सर्गी द्रव्ये हाताळणाऱ्या तशा यंत्रांना इंग्रजीत वाल्डो हेच नाव पडले. आणि तरी हाइनलाइन यांनाही अखेरीस राहवले नाही; वाल्डो बरा होतो, नर्तक होतो. समंगा नदी अमेरिकेतही वाहते.

मराठी विज्ञानकथेचा प्रवाह १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धांनी वेगवान झाला, आणि १९७४ साली कोल्हापूरचे सुपुत्र जयंत नारळीकर यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवून तेथे पारितोषिक मिळविले. त्यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत अवकाशाच्या पिळातून गेलेल्या माणसाच्या देहाची डावी-उजवी बाजू उलटते. मला ती कथा या विषयाच्या अगदी उंबरठ्यावर उभी असलेली वाटते. कारण देह तोच, शक्ती तीच, पण उजव्या हातासाठी रचलेल्या जगात तो एका क्षणात परका होतो. नारळीकर केंब्रिजला असतानाच स्टीफन हॉकिंगही तेथे होते, आणि १९६४ साली रॉयल सोसायटीत हॉइल-नारळीकर सिद्धांतावर भर सभेत आक्षेप घेणारा तो तरुण तेव्हाच असाध्य स्नायुरोगाने जडावलेला होता. अशा माणसांनी खऱ्या विज्ञानाला वळण दिले असता, आपल्या विज्ञानकथांतील प्रयोगशाळांमध्ये धडधाकट शास्त्रज्ञच का भेटावेत, हा प्रश्न मला मराठी लेखकांना आदराने विचारावासा वाटतो.

सांगलीत १८९८ साली जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही १९५९ ची कादंबरी विज्ञानकथा नव्हे. पण शापाने क्षणात येणारे वार्धक्य आणि एका देहातून दुसऱ्या देहात दिले जाणारे तारुण्य ही तिची मूळ कल्पना पूर्णपणे अद्भुताची आहे. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ खांडेकरांकडे आले. या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आळीपाळीने निवेदन करतात. ज्याने पित्याचे जराजर्जर शरीर आपल्या अंगावर घेतले त्या पुरूला मात्र निवेदनाचा अधिकार मिळालेला नाही. तरुण मनाला एकाएकी गुडघे न वाकणारे, दृष्टी अंधुक झालेले शरीर आतून कसे जाणवते, हे सांगू शकेल असा एकच साक्षीदार कथेत होता, आणि त्याची जबानी घेतलीच गेली नाही. खांडेकरांचा आवाका मोठा, त्यांची करुणा अस्सल. म्हणूनच ही उणीव मला अधिक खुपते. त्यांची स्वतःची दृष्टी अखेरच्या वर्षांत गेली. दुसऱ्याकडून वाचून घेणे आणि सांगून लिहवून घेणे हाच त्यांचा लेखनक्रम झाला, आणि १९७६ साली ते निवर्तले. त्या वर्षांतील अनुभवानंतर त्यांनी पुरूचे निवेदन लिहिले असते तर ते कसे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

पात्राला बोलू द्यावयाचे तर त्याच्या जगण्यातील तपशील ठाऊक हवेत, आणि ते कोणत्याही मंत्रतंत्राइतकेच रोचक आहेत. ब्रेल लिपीचेच पाहा. सहा टिंबांच्या एका चौकटीतून ६३ चिन्हे होतात. पाटी आणि टोच्याने लिहिताना कागद मागून टोचावा लागतो म्हणून उजवीकडून डावीकडे लिहावे लागते आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावे लागते. १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये आपली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता, उच्चारात येते तशी, नंतर येते. अंधाऱ्या गुहेतील गुप्त लेख रंगविणाऱ्या किती लेखकांना सुचले असेल की तो लेख बोटांनीच वाचता येईल असा असावा, आणि मशाल विझताच डोळस साथीदार निरुपयोगी होऊन अंध साथीदारानेच वाट दाखवावी? यात कसलीही दैवी शक्ती लागत नाही. रोज वापरात असलेली विद्या तेवढी लागते.

आणि ही विद्या ज्यांच्यापाशी आहे ते या पुस्तकांचे वाचकही आहेत. २०११ च्या शिरगणतीत भारतात सुमारे २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली. २०१२ साली आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, छापील पुस्तक ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते ब्रेल, ध्वनिमुद्रण वा संगणकीय पाठ अशा सुलभ रूपात करण्यास मोकळीक मिळाली, आणि २०१४ साली याच हेतूच्या माराकेश करारास मान्यता देणारा जगातील पहिला देश भारतच ठरला. ज्या मराठी प्रकाशकांच्या दप्तरी जुन्या-नव्या विज्ञानकथांची अक्षरजुळणी संगणकात पडून आहे, त्यांना ती अंध वाचकांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या हवाली करण्यास कायद्याची आडकाठी उरलेली नाही. त्यांनी ती करावी, आणि त्या वाचकांचा अभिप्राय लेखकांपर्यंत पोहोचविण्याचीही तजवीज ठेवावी.